२०० केबीत बसवा म्हणता, मग फेरफार केला म्हणून फेकता?

डोकं फिरलंय आज. तिसऱ्यांदा रिजेक्ट. पोरीच्या जात पडताळणीसाठी (व्हॅलिडिटीसाठी) माझ्या आजोबांचा १९४३ चा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा लावलाय, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो म्हणून, आणि पडताळणीची वेबसाइट सांगते की "दस्तऐवजात फेरफार आढळला". कोणी केला फेरफार? मी??

त्या उताऱ्यासाठी अमळनेरहून पारोळ्याकडच्या आमच्या मूळ गावी मे महिन्याच्या उन्हात दोन चकरा मारल्या. हेडमास्तरांनी कपाटातून रजिस्टर काढलं तर पानाला वाळवी, शाई तपकिरी पडलेली, मधे चिकटपट्टी. त्यांनी बिचाऱ्यांनी निळ्या पेनानं नक्कल लिहून दिली, सही केली, वर गोल शिक्का मारला. शिक्का सहीवरच मारतात हो, पद्धतच आहे ती! आणि मशीनला नेमका तिथंच संशय.

सायबर कॅफेवाल्या पोराला विचारलं तर म्हणे "आप्पा, मशीन नही म्हणस, मी काय करू आते?" त्याचा दोष नाही. त्यानंच समजावलं मग. जेपीजी करताना फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून दाबतात, आणि तपासणारं सॉफ्टवेअर तोच फोटो परत सेव्ह करून कुठं किती फरक पडला ते बघतं, एखादा भाग वेगळा दिसला की तिथं काहीतरी चिकटवलंय असं समजतं. पण अक्षरांच्या कडा, शिक्क्याची गडद कड, हे खऱ्या कागदावर पण वेगळंच उठून दिसतं ना! त्यात तुमचीच अट, फाइल २०० केबीच्या आत हवी. मग स्कॅन व्हॉट्सअपवर जातो, तिथं आणखी दाबला जातो, मग क्रॉप, मग साइज कमी करायचं ॲप, असा चार वेळा सेव्ह झालेला फोटो तुमच्याच नियमानं खराब होतो आणि खोटे आम्ही ठरतो.

आणि खरा फसवणारा? तो कॉम्प्युटरवर दाखला बनवणार, प्रिंट काढणार, परत स्कॅन करणार, जोडकामाच्या बऱ्याच खुणा तिथंच जातात. तो सुटतो!

नवीन दाखल्यांचं तर अजून संताप आणणारं. पोरीचा जातीचा दाखला डिजिटल सहीचा आहे, बारकोड आहे, नंबर टाकून तपासता येतो. पण तुम्ही त्याची प्रिंट काढून स्कॅन करायला लावता. पीडीएफमधली सही प्रिंटमधे येत नाही, राहतं ते नुसतं चित्र, आणि मग त्या चित्राला विचारता तू खरं का खोटं. डिजिलॉकरमधे इश्यू झालेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा धरायचा हे २०१६ च्या नियमांत लिहिलंय, मग सरळ तिथून का घेत नाही?

१९४३ च्या कागदाला बारकोड कुठून आणू मी? रजिस्टर अजून त्याच कपाटात आहे. माणूस पाठवा, पान उघडा, आजोबांचं नाव आणि जात वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. ते नाही करणार, आणि आमच्या तीन पिढ्यांना एका लाल अक्षरांच्या ओळीत खोटं ठरवणार, खाली ना कोणाचं नाव ना फोन नंबर.

शुक्रवारी शेवटची तारीख आहे. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. कपाशीची निंदणी सोडून उद्या परत सायबर कॅफेत बसायचंय, चौथ्यांदा.