जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पाडण्याची खात्रीची पद्धत

दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर एके सकाळी सुरू होईनासा झाला, की सर्वात आधी एक पथ्य पाळा: त्याला नेमकं काय होतंय ते बघू नका. ‘चालू होत नाही’ एवढं निदान भरपूर झालं. बटण दाबून काहीच हलत नाही, फॅन फिरतो पण डिस्प्ले येत नाही, काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटून गाडी अडते, किंवा विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत राहतात, हे चार निरनिराळे आजार आहेत असं सांगायला कोणी आलंच तर त्याला हात जोडा. चौघांना औषध एकच. फॉरमॅट मारा. ज्याचा फॅनसुद्धा फिरत नाही त्याला फॉरमॅट मारायचा कसा, असं विचारणाऱ्याची मुळात श्रद्धाच कमी असते.

पडद्यावरच्या त्या दोन ओळी तर वाचायच्याच नाहीत. सीमॉस चेकसम एरर (म्हणजे मशीनने जपून ठेवलेली सेटिंग बिघडली), तारीख-वेळ सेट नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. दाबा एफ१. सहा महिने रोज दाबा. मदरबोर्डवर कोटाच्या बटणाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. नाव घाबरवणारं असलं तरी अर्थ साधा आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. नवा असताना ३ व्होल्टच्या किंचित वर असतो, मल्टिमीटरवर २.७ च्या आसपास आला की त्याचे दिवस भरले. बोर्डाची वीज तुटलेली असताना तारीख आणि बायोसची, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग हाच सेल सांभाळतो. त्यामुळे रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की सकाळी मशीन सगळं विसरलेलं असतं.

गंमत पुढे आहे. विसरताना ते साटाचा मोडही, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धतही, विसरतं. एएचसीआय या नव्या पद्धतीवर असलेलं सेटिंग काही जुन्या बोर्डांवर आपोआप आयडीई या जुन्या पद्धतीवर येतं, विंडोजला आपलीच हार्ड डिस्क ओळखू येत नाही आणि निळा पडदा येतो: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. बायोसमध्ये जाऊन मोड पुन्हा एएचसीआय केला की बहुतेक वेळा मशीन काही झालंच नाही अशा थाटात चालू होतं. म्हणूनच तिथे जाऊ नका. फॉरमॅट मारून आयडीई मोडवरच नवीन विंडोज टाका. पुढे कोणीतरी शहाणा सेल बदलून मोड ‘बरोबर’ करून ठेवेल, पुन्हा तोच निळा पडदा येईल आणि तुम्हाला दुसऱ्यांदा फॉरमॅट मारायची संधी मिळेल. आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला, आणि तेही दोनदा.

डिस्प्ले येत नसेल तर रॅमला संशयाचा फायदा द्या. खरं तर वायर काढून, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज जिरवावी, दोन्ही बाजूंच्या कळा उघडून पट्टी काढावी, सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, भुगा ब्रशने झटकावा आणि एकेक पट्टी एकेका खाचेत लावून पाहावी, दोन्ही कळा ‘टक’ वाजेपर्यंत. पाच मिनिटांचं काम. तुम्ही मात्र वायर लावलेलीच ठेवा, सगळ्या पट्ट्या एकदम उपसा आणि खाचेत तोंडाने जोरात फुंका. थुंकीचे बारीक थेंब आत जायला हवेत. दातांना पॉलिश पेपर लावला तर सोन्याचा मुलामा कायमचा जातो आणि खोडरबराची कटकटच संपते.

एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, फॅन फिरतोय म्हणजे एसएमपीएस ठणठणीत, हे तत्त्व सोडू नका. २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी वायर काळीला जोडली की तो बोर्डाशिवायही फिरतो. त्यावरून तो जिवंत आहे एवढंच कळतं, कामाचा आहे हे नाही. लोड असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यावे लागतात. हे मोजायला मल्टिमीटर लागतो, आणि तो कपाटात सापडत नाही, तेव्हा विषय संपला.

प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांकडे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांकडे, बघूच नका. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. ते पुरीसारखं फुगलं असेल किंवा डोक्यावर कोरलेल्या फुलीवर तपकिरी खरपुडी धरली असेल, तर मशीन चार-पाच वेळा बटण दाबल्यावर, जरा तापल्यावरच चालू होतं. लोक याला ‘थंडी वाजते’ म्हणतात. तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर घातला की ही थंडी जाते.

आता हार्ड डिस्क. टक्‌टक्‌ आवाज येत असेल तर तिच्यावर चेकडिस्क स्लॅश आर ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड रात्रभर चालवा. मरणाऱ्या डिस्कला प्रत्येक सेक्टर वाचायला लावण्याइतकं निर्दयी काम दुसरं नाही. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची असते, पण तेवढा धीर कोणाला? फोटो काय, पुन्हा काढता येतात. पंधरा वर्षांपूर्वीचेसुद्धा.

शेवटचा उपाय सर्वात आधी करायचा: सगळं एकाच दुपारी बदला. रॅम, एसएमपीएस, केबल आणि त्याच पिढीचा जुन्या बाजारातला मदरबोर्ड. म्हणजे दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. जोडताना प्रोसेसरशेजारची १२ व्होल्टची चार पिनांची जोडणी लावायला विसरा. फॅन फिरतील, डिस्प्ले येणार नाही, आणि बोर्डही खराब निघाला म्हणता येईल. चुकून ती लावलीच तर मशीन चालू होईल. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा आणि झोपा. त्या बोर्डावरचा सेलही बोर्डाइतकाच जुना आहे. सकाळी एफ१ दाबा.