फक्त वायरिंग राहिलंय

कॅलिफोर्नियात घर घेतलंत, दोन गाड्यांचं गॅरेज मिळालं, आणि तुम्ही त्यात चक्क दोन गाड्या उभ्या करताय? शेजारी काय म्हणतील! इकडची रीत अशी की चालणाऱ्या गाड्या उन्हात आणि न चालणारी सावलीत. तेव्हा आधी एक ड्यून बग्गी, म्हणजे वाळूत पळवायची उघडी गाडी, आणा. अर्धवटच आणा. तयार बग्गी घेणारा माणूस म्हणजे दिवाळीला चकल्या विकत आणणारा. पोट भरेल, पण सोऱ्याशी झटापट केल्याचं पुण्य नाही.

सुरुवातीला ब्रूस मेयर्सचं नाव घ्यायचं. हा न्यूपोर्ट बीचचा, होड्यांच्या कामात हात बसलेला. 1964 साली त्याने फायबरग्लासची टबासारखी बॉडी घडवली, तिला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन-गिअरबॉक्स जोडलं आणि 'मेयर्स मँक्स' जन्माला आली. 1967 मध्ये तो आणि टेड मँगल्स ला पाझहून तिहुआनाला 34 तास 45 मिनिटांत पोचले, तेही मेक्सिकोतल्या, धड रस्ता नसलेल्या बाजा कॅलिफोर्नियातून. हा आकडा पाठच करा. घरच्यांनी "किती वेळ लागेल?" म्हणून विचारलं की तो सांगून टाकायचा. कशाला लागले, ते सांगायची गरज नाही.

मेयर्सच्या किटच्या, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाच्या, इतक्या नकला निघाल्या की बिचारा कोर्टात गेला आणि पेटंटचा खटला हरला. तो अन्याय तुमच्या मात्र पथ्यावर पडतो. आपली बॉडी अस्सल की नकली, या संशोधनात एक अख्खं वर्ष आरामात निघतं, आणि त्या काळात पान्ह्याला हातही लावावा लागत नाही.

मग जुनी बीटल आणून तिची बॉडी उतरवायची आणि खालचा पॅन, म्हणजे गाडीचा पत्र्याचा तळ, कापायचा. बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 94.5 इंच, मँक्सचं साधारण 80. म्हणजे मधले चौदा-साडेचौदा इंच उडवून दोन्ही भाग पुन्हा जोडायचे. कापणं एका शनिवारचं काम आहे, ते ताबडतोब उरका. जोडण्याची घाई नको. बग्गी एकसंध असेपर्यंत लोक "कधी होणार?" म्हणून छळतात. दोन तुकडे दिसले की आवाज खाली आणून "काय झालं हो?" एवढंच विचारतात.

इंजिन हवेवर थंड होणारं, ना रेडिएटर ना पाणी. गिअरबॉक्सला धरून असतं ते चार बोल्टांवर, त्यामुळे पटकन निघतं. जे पटकन निघतं ते काढून ठेवावं. बोल्ट आर्टेशियाच्या देशी दुकानांतून आणलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाकावेत. कुठल्याही डब्यावर काही लिहू नये. एकावर मात्र 'महत्त्वाचे' असं लिहावं. माझ्याकडे तसा एक डबा आहे. त्यात तीन वॉशर, एक स्प्रिंग आणि कुठल्याशा कुलपाची किल्ली आहे. महत्त्वाचे असणारच, मी उगीच कशाला लिहीन?

एवढं झालं की बग्गीचं काम थांबवून ट्रेलर बनवायला घ्या. कारण बग्ग्या पळवायच्या त्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत बग्गी न्यायची कशी? ट्रेलर बाजारात विकत मिळतो, हा विचार मनातून काढून टाका. भंगारातून मोबाईल होमचा जुना ॲक्सल उचला. त्याच्या रिम अशा असतात की वाटेत टायर बसला तर दुकानदार हातातला कॉफीचा कप खाली ठेवून नुसता बघत राहतो. रुंदीचं माप बीटलच्या मूळच्या किडकिडीत टायरांवरून घ्या. वाळूतले जाडजूड टायर नंतर घ्यायचेच आहेत; ते ट्रेलरवर मावणार नाहीत, पण तोवर वेल्डिंग पक्कं झालेलं असेल.

जाणकार सांगतात की एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा, नाहीतर ट्रेलर झुलतो. बग्गीचं इंजिन मागे. म्हणजे ती आणखी पुढे सरकवायला हवी, आणि नेमक्या तिथेच तुम्ही मोठ्या हौसेने टूलबॉक्स वेल्ड केलेला असतो. इकडे ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी 55 मैल. त्या वेगालाही तो डुलायला लागला की दोन लेन आपोआप रिकाम्या होतात.

दिव्यांच्या चार तारा असतात: पांढरी अर्थची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. पांढरीचा स्क्रू रंगावरच आवळा, धातूपर्यंत पोचू देऊ नका. मग रात्री साडेदहाला बायकोला गाडीत बसवा.
"दाबलास ब्रेक?"
"दाबलाय!"
"आता?"
"अरे, मघापासून दाबलाच आहे!"
आमच्या संसारात इतका सलग संवाद एरवी होत नाही.

एक अवघड धडा राहिला, तो बॉलचा. बॉल म्हणजे गाडीमागचा लोखंडी गोळा, आणि त्यावर बसणारी ट्रेलरची टोपी म्हणजे कपलर. 1⅞ इंची कपलर 2 इंची बॉलवर शिरतच नाही, त्यात काही गंमत नाही. 2 इंची कपलर मात्र 1⅞ इंची बॉलवर बसतो. छान बसतो, पहिल्या खड्ड्यापर्यंत. पुढचं काम साखळ्यांचं. त्या खालून फुलीसारख्या अडकवायच्या म्हणतात, म्हणजे सुटलेली दांडी त्यांच्या झोळीत पडते.

आता सगळं जुळून आलंय. पॅन जोडून घ्यायला बग्गी वेल्डरकडे न्यायची, त्याला ट्रेलर हवा. ट्रेलरच्या रॅम्पच्या बिजागऱ्या जोडायला वेल्डिंग मशीन हवं. ते गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, बग्गीच्या पलीकडे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याला सुचली त्याच्याकडेही ट्रेलर असणार.

अशा वेळी एक साधा कार्बोरेटर शोधा. जाहिरात सापडतेच: 'बग्गी, 90 टक्के पूर्ण, फक्त वायरिंग राहिलंय.' कार्बोरेटर सुटा विकणार का, एवढंच विचारायला जा. तो माणूस ताडपत्री उचलतो. खाली पॅनचे दोन तुकडे, फडताळावर डबे. शेजारी ट्रेलर, टायरला भेगा. "हा फुकट घ्या," तो म्हणतो, "बग्गी घेतलीत तर." तुम्ही वाकून कपलर बघता. 2 इंची. तुमच्या गाडीला 1⅞चा बॉल.

"बसतो हो," तो म्हणतो.

त्याची बायको तोवर फाटकाची दोन्ही दारं सताड उघडून बाजूला उभी राहिलेली असते.