झाँग जहाजाचा क्लेम

गेली चौदा वर्षं मी मरीन इन्शुरन्सच्या क्लेम्सचं काम करतेय. जहाज संकटात सापडलं की बाकीचं वाचवायला थोडा माल समुद्रात फेकावा लागतो, त्याला आम्ही जेटिसन म्हणतो, आणि फेकणं खरंच भाग होतं हे पटलं तर पैसे मिळतात. अगदी रोजचा नियम. पण झाँगची केस वाचल्यापासून फाईलवर तो शब्द लिहिताना पोटात कालवतं.

ऑगस्ट १७८१. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं हे जहाज आफ्रिकेतल्या अक्राहून गुलाम म्हणून विकायला ४४२ माणसं कोंबून जमैकाला निघालं. कॅप्टन कॉलिंगवूड मुळात जहाजावरचा डॉक्टर. वाटेत रोगराईने माणसं मरायला लागली, त्यात जमैका समोर आलं तर ते दुसरंच बेट समजून जहाज पुढे निघून गेलं. मग २९ नोव्हेंबरला ठरलं की पाणी पुरणार नाही, आणि त्याच संध्याकाळी ५४ बायका-मुलांना केबिनच्या खिडकीतून समुद्रात ढकललं. पुढचे काही दिवस पुरुष. दहा जणांनी तर कोणी हात लावायच्या आत स्वतःच उड्या टाकल्या. एकूण १३० च्या वर माणसं गेली.

आता हिशोब बघा. गुलाम आजाराने मेला तर तोटा मालकाचा, पण बाकीच्यांना वाचवायला "फेकावा लागला" तर विमावाल्यांनी डोक्यामागे ३० पौंड द्यायचे. मालकांनी चक्क क्लेम लावला आणि १७८३ मध्ये लंडनच्या ज्युरीने तो मान्यही केला!! विमावाले वरच्या कोर्टात गेले तेव्हा जज लॉर्ड मॅन्सफिल्डसमोर आलं की मधेच पाऊस पडून पिंपं भरली होती, तरी त्यानंतरही माणसं फेकली. जमैकाला पोचल्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं. जजने खटला पुन्हा चालवायला सांगितला, पण भांडण शेवटपर्यंत पैशाचंच राहिलं, खुनासाठी एकावरही केस झाली नाही.

"तेव्हाचा काळच तसा होता" हे मला अजिबात पटत नाही. स्वतः गुलामगिरी भोगलेला ओलाउडा इक्वियानो १७८३ च्याच १९ मार्चला गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या दारात हे सांगायला गेला होता आणि शार्पने खुनाचा खटला व्हावा म्हणून जिवाचं रान केलं, ही माणसं त्याच काळातली, त्याच लंडनमधली ना? कळत सगळ्यांना होतं, पण पैसा सुटत नव्हता. १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला तेव्हासुद्धा २ कोटी पौंड भरपाई मिळाली ती मालकांना, आणि त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकार २०१५ पर्यंत फेडत होतं.

माझ्याकडे साध्या चहाच्या खोक्यांचा क्लेम आला तरी प्रत्येक खोक्याचा नंबर असतो. झाँगवरून फेकलेल्यांपैकी एकजण दोराला धरून परत जहाजावर चढला होता, हे कोर्टाच्या कागदांत आहे. त्याचं नाव मात्र कुठेच नाही.