‘फूटपाथ छाटा, रस्ते वाढवा’ : त्या फॉरवर्डला उत्तर

गेला महिनाभर एक फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : पुण्याची कोंडी फोडायची तर फूटपाथ छाटून रस्ते रुंद करा आणि चौकाचौकात उड्डाणपूल बांधा, फूटपाथवर तसंही कोणी चालत नाही, बीआरटीत, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांत, पैसा बुडाला, बसचा नाद सोडा, दुकानं वस्तीबाहेर काढा, सोसायट्या बंदिस्त ठेवा, आणि रस्त्यावरचं पार्किंग काढलंत तर व्यापारी मरेल. खाली हात जोडलेले तीन इमोजी. पाठवणारे माझ्याच ओळखीचे आहेत, रोज सकाळी पाऊण तास गाडीत अडकून बसणारे. त्यांचा वैताग शंभर टक्के खरा आहे. औषध मात्र भलतंच आहे.

‘रस्ता रुंद केला की कोंडी सुटते.’ हे पटकन पटतं, कारण आपल्या डोक्यात नळ असतो : पाइप मोठा की पाणी जास्त. पण पाणी काही पाइप बघून घरातून निघत नाही, माणूस निघतो. रस्ता मोकळा दिसला की काल बसने गेलेला आज दुचाकी काढतो. गर्दी टाळायला सातला निघणारा पुन्हा नऊला निघायला लागतो. बिल्डर त्याच रस्त्याच्या टोकाला आणखी चार टॉवर उठवतो. अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासून डुरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की तिथे महामार्गाच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढतात, साधारण तितक्याच टक्क्यांनी गाड्यांनी कापलेलं एकूण अंतरही वाढतं. ह्यूस्टनला कोणाचा भाचा-पुतण्या असेल तर त्याला केटी फ्रीवेबद्दल विचारा. सुमारे २.८ अब्ज डॉलर ओतून २००८ मध्ये तो रस्ता, सेवा रस्ते धरून, काही ठिकाणी २६ मार्गिकांचा झाला. २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत त्यावरचा संध्याकाळचा प्रवासाचा वेळ ५५ टक्क्यांनी वाढला. २६ मार्गिका! आपला अख्खा लक्ष्मी रस्ता, दोन्ही बाजूंच्या दुकानांसकट, त्यात आडवा मावेल.

एवढं लांब जायचीही गरज नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो ना? पंधरा वर्षंही पुरला नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो पाडला, कारण वरून न्यायच्या मेट्रोला त्याने जागाच ठेवली नव्हती. बांधायला पैसे, पाडायला पैसे, आणि मग त्याच जागी दुमजली पुलाला पुन्हा पैसे. त्या कामाच्या काळात गणेशखिंड रस्त्याने रोज ये-जा केलेल्या माणसाला उड्डाणपुलाचं कौतुक सांगू नये, मार बसेल.

आणि रुंदीकरण नेहमी वाहतुकीसाठीच असतं या भ्रमात राहू नका. महापालिकेने २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करायचा घाट घातला होता. रस्ता नऊ मीटर झाला की त्यावरच्या इमारतींना टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येतो. म्हणजे रस्ता तीन मीटरने वाढणार आणि त्यावरची माणसं मजल्यांनी. जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडलाय हे मान्य, त्या रहिवाशांची बाजूही खरी. पण मग ‘पुनर्विकासासाठी’ म्हणा की सरळ. ‘कोंडी फोडायला’ कशाला म्हणता?

‘फूटपाथवर चालतं कोण?’ कोणीच नाही, बरोबर. का, ते आमच्या घरासमोर बघा. पहिल्या दहा पावलांत महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी. त्याला वळसा घालायला खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. पायरी माझ्या आईच्या अर्ध्या पोटरीपर्यंत येते. दर गेटपाशी गाड्यांसाठी उतार केलाय, त्यामुळे फूटपाथ सलग नाहीच, तुकड्या-तुकड्यांनी आहे. मग दोन पेव्हर ब्लॉक निघालेले, पुढे स्कूटर लावलेली. आईने दोनदा प्रयत्न केला, आता ती सरळ रस्त्याच्या कडेने चालते आणि मागून हॉर्न खाते. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात की चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि पायरी १५ सेंटिमीटरहून उंच नको. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. ही सरकारी आकडेवारी आहे. ज्यावर चालताच येत नाही तो फूटपाथ रिकामा दिसतो म्हणून छाटायचा, हे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून तहान लागत नाही असं समजण्यासारखं झालं. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद आणि सलग केला, बसायला बाक ठेवले. तिथे संध्याकाळी जाऊन या, मग विचारा कोण चालतं ते.

‘बीआरटी फसली.’ यावर भांडणार नाही. २००६ मध्ये कात्रज-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी आपण सुरू केली आणि अर्धवट केली. मार्गिका सलग नाही, त्यात दुचाक्या घुसतात, स्टॉपपर्यंत रस्ता ओलांडून जायची धड सोय नाही. पुढे नगर रस्त्यावरचे काही टप्पेही उखडले. पण यातून सिद्ध काय झालं? अर्धवट केलेलं काम फसतं, इतकंच. गणित आहे तिथेच आहे : एका मार्गिकेतून खासगी गाड्यांनी तासाला फार तर दीड हजार माणसं पुढे सरकतात, तीच मार्गिका फक्त बसला दिली की चार ते आठ हजार. ‘रस्ता गाड्यांसाठी नव्हे, माणसांसाठी’ हे केंद्राच्या २००६ च्या शहरी वाहतूक धोरणातलंच सूत्र आहे.

‘दुकानं बाहेर, सोसायट्या बंदिस्त.’ यावर जरा थांबतो, कारण निम्मी कोंडी इथे जन्माला येते असं माझं मत आहे.

पेठा बघा. नारायण पेठेतून लक्ष्मी रस्त्यावर यायचं तर एक वाट तुंबली म्हणून अडत नाही, दुसरा बोळ असतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वाणी, गिरणी, इस्त्रीवाला, डेअरी, सगळं चपला सरकवून जाण्याइतकं जवळ. मुंबईतही प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, ती आजही पायी वापरता येते : शाळा, मैदान, बाजार, स्टेशन. आता बाणेर-वाकडकडे या. पाचशे फ्लॅटची सोसायटी, भोवती भिंत, गेट एक, आणि ते उघडतं विकास आराखड्यातल्या एकाच डीपी रस्त्यावर. शेजारची सोसायटीही तशीच, तिच्या पलीकडचीही तशीच. मधून जायला वाट नाही. म्हणजे दूध, शाळा, क्लास, जिम, कोथिंबिरीची जुडी, सगळ्यांना त्याच एका रस्त्यावर यावं लागतं, आणि अंतर असं की गाडीच काढावी लागते. तो रस्ता शंभर फुटी करा नाहीतर दोनशे फुटी, कोथिंबिरीची गाडी त्यावर येणारच.

खाली हॉटेल आलं की वर धूर येतो, रात्री आवाज होतो, ही तक्रार खोटी नाही. तेवढ्यावर नियम करा. पण वाण्याला आणि गिरणीला हुसकून काय मिळवलं?

‘पार्किंग गेलं की धंदा गेला.’ दुकानासमोर चार चाकांवर दिवसभर उभी असते ती बऱ्याचदा दुकानदाराची स्वतःचीच गाडी असते. एका गाडीला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. अशा दोन गाड्यांचे पंचवीस झाले, आणि झोपडपट्टी पुनर्वसनात एका अख्ख्या कुटुंबाला बरीच वर्षं एवढंच घर मिळत होतं. ती जागा आपण फुकट देतो. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद असतो, तेव्हा एकदा जाऊन बघा, धंदा मरतो का ते.

आता आमच्याच सोसायटीचं सांगतो. मागच्या भिंतीत एक लहान फाटक आहे. त्यातून बाहेर पडलं की मुलांची शाळा तीनशे पावलांवर. फाटक बंद असलं की पुढच्या गेटने वळसा पडतो दोन किलोमीटरचा, म्हणून पोरांना सोडायला रोज सकाळी चाळीसेक गाड्या निघतात आणि कोपऱ्यावर कोंडी होते. ज्या बैठकीत हे फाटक ‘सुरक्षेसाठी’ कायमचं बंद ठेवायचं ठरलं, त्याच बैठकीत समोरचा रस्ता रुंद करा म्हणून महापालिकेला अर्जही लिहिला गेला. दोन्ही ठराव एकमताने. एकमतात मीही होतो, चहा येत होता.

कुलूप अजून आहे. किल्ली वॉचमनकाकांकडे असते. त्यांची नातही त्याच शाळेत जाते, त्यामुळे सात वाजून पाच मिनिटांनी ते कुलूप काढतात. हळूहळू बाकीच्या पोरांना ते कळलंय.