फॉस्फो अँटिबॉडी आणि दूध: अर्धवट माहितीचा खुलासा

वेस्टर्न ब्लॉट (सॅम्पलमधलं ठरावीक प्रोटीन अँटिबॉडीने शोधण्याची चाचणी) करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज फिरतोय, फॉस्फो अँटिबॉडी (प्रोटीनवर फॉस्फेट लागलेलं असेल तरच ते ओळखणारी) वापरायची तर ब्लॉकिंगला, म्हणजे ब्लॉटच्या पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायला, दूध पावडर अजिबात नको, दुधातल्या केसीन या प्रोटीनवर फॉस्फेट असतं आणि सगळी अँटिबॉडी तिथेच जाऊन चिकटते. यातलं निम्मं बरोबर आहे. केसीन फॉस्फोप्रोटीन आहेच, बीटा केसीनवर साधारण 5 फॉस्फेट, तेही सेरीन या अमिनो आम्लावर. पण फॉस्फो-ईआरके किंवा फॉस्फो-एकेटीची (ईआरके, एकेटी ही पेशीतली प्रोटीन्स) अँटिबॉडी नुसतं फॉस्फेट ओळखत नाही, त्याच्या आजूबाजूची अमिनो आम्लंही तिला जुळावी लागतात, आणि तसा क्रम केसीनमध्ये नसतो. त्रास होतो तो कुठलंही फॉस्फोसेरीन पकडणाऱ्या जनरल अँटिबॉडीला, तिथे दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) हेच घ्या. बाकी बऱ्याच अँटिबॉडींना ब्लॉकिंग 5% दुधात आणि प्रायमरी (प्रोटीन ओळखणारी पहिली अँटिबॉडी) 5% बीएसएमध्ये असं चालतं, डेटाशीट वाचा की राव, तिथे लिहिलेलं असतं.

खरी गडबड बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते. पेशी फोडल्या की त्यांच्यातलेच फॉस्फेटेज एन्झाइम फॉस्फेट काढायला लागतात, म्हणून त्यांना रोखायला बफरमध्ये सोडियम फ्लोराईड, ऑर्थोव्हॅनाडेट हवं, सॅम्पल बर्फावर हवं, आणि हे न करता दोष दुधाला देतात लोक! अँटिबॉडी खरंच फॉस्फेट ओळखते का ही शंका असेल तर अर्धं सॅम्पल लॅम्डा फॉस्फेटेजने ट्रीट करा, बँड (ब्लॉटवरची त्या प्रोटीनची पट्टी) गेला पाहिजे. सोबत टोटल प्रोटीनचा, म्हणजे फॉस्फेट असो वा नसो तेच प्रोटीन दाखवणारा, ब्लॉटही लावा, नाहीतर बँड गेला तो फॉस्फेट गेल्यामुळे की प्रोटीनच कमी लोड झालं म्हणून, ते कळणार नाही.