झाकणाचं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, मालक

नमस्कार मालक,

आमच्या दुकानातून नेलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या (कापड पांढरं करायच्या रसायनाच्या) कॅनबद्दल तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. "झाकणाला भोक असलेला डिफेक्टिव्ह कॅन गळ्यात मारला, माल पाणी मिसळलेला, कॅन फुगला, तक्रार केली तर दुकानदार अंगावर ओरडला." झालेल्या त्रासाबद्दल माफी मागतो. गाडीच्या सीटचा रंग उडाला, त्याचंही वाईट वाटलं. पण भोकाचं वाचून रात्री जेवण गेलं नाही हो. अक्कलकोट रोडचे डाइंगवाले (कापड रंगवणारे) एखाद्या दुकानात पहिल्यांदा यायच्या आधी असे रिव्ह्यूच बघतात.

ते भोक आम्ही पाडलेलं नाही. कंपनीचं झाकणच तसं येतं, त्याला व्हेंट म्हणतात. 50 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दिसायला पाण्यासारखं, पण त्यात ऑक्सिजनचा एक अणू जादा असतो आणि तो कायम निघायच्या तयारीत. स्वच्छ कॅन, सावलीची जागा असेल तर त्यात घातलेल्या स्टॅबिलायझरमुळे (ते टिकवणाऱ्या रसायनामुळे) वर्षात एक टक्काही ताकद जात नाही. तरी थोडा थोडा वायू सुटतच राहतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. एका लिटरमधला सगळा सुटला तर सुमारे 200 लिटर ऑक्सिजन होतो, म्हणून तर त्याला 200 व्हॉल्यूम म्हणतात. मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळतं ते 20 व्हॉल्यूमचं. त्याचा फेस बघितलाय ना? मग आता 50 किलोच्या कॅनचा विचार करा.

तुम्ही टाकलेल्या फोटोत झाकणावर तपकिरी टेपचे तीन वेढे आहेत. खाली एमसील. ते आमच्या दुकानातलं नाही, मालक.

नुसत्या टेपनंही कॅन इतका लवकर फुगला नसता. त्या दिवशी मी आलो तेव्हा तुमच्या माणसानेच सांगितलं, बाथमध्ये (कापड भिजवायच्या टाकीत) घालून उरलेलं पेरॉक्साइड लोखंडी बादलीतून परत कॅनमध्ये ओतलं म्हणून. वाया जाऊ नये म्हणून केलं असेल, समजतं. पण गंजाचा चिमूटभर कण, तांब्या-पितळेचा तुकडा, सोड्याचा हात, एवढ्यावर ते सुटायला लागतं. सुटताना तापतं, तापलं की आणखी जोरात सुटतं. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. त्यात आपल्या सोलापूरचा एप्रिल आणि वर पत्रा. टॉवेलला बारीक भोकं पडल्याचं तुम्ही बोलला होता, तेही लोखंडाचंच काम. कापडावर कण बसला की त्या जागी पेरॉक्साइड सूत खाऊन टाकतं. तुमच्या डाइंग मास्तरांना विचारा.

आणि "पाणी मिसळलेला". ऑक्सिजन निघून गेला की मागे पाणीच उरतं, मालक! ते बादलीनं केलं. त्याच लॉटचा बंद कॅन दुकानात आहे. परमँगनेटचं टायट्रेशन, म्हणजे ताकद मोजायची चाचणी, तुमच्या मास्तरांच्या हातानं, तुमच्यासमोर करू. 50 च्या खाली भरला तर पैसे परत, वर चहा माझा. वडिलांपासूनचं दुकान आहे, भाव दोन रुपये जास्त म्हणून ऐकून घेईन, पण पाण्याचं नाही.

ओरडलो, हे खरं. तुम्ही फोनवर सांगत होता की कॅन ढोलासारखा झालाय, हात लावला तर चटका बसतोय, आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, "टेप कापू का?" तेव्हा मी काय गोड बोलणार? "माणसं लांब करा, लांबून पाइपनं पाणी मारा, 101 ला फोन करा" एवढंच ओरडलो आणि गाडी काढली. शिवी दिली नाही. सांडलेलं कापसाच्या वेस्टनं पुसून ते वेस्ट कोपऱ्यात टाकलं होतं, त्यावर मात्र समोर आल्यावर बोललो. पाणी उडून जातं, पेरॉक्साइड घट्ट होत जातं आणि कापूस ठिणगीशिवाय पेटतो. कारखाना टॉवेलचा आहे तुमचा.

सीटचं मात्र चुकलं, आमचंही. झाकणाला व्हेंट असलेला कॅन उभाच न्यायचा असतो. पोरगा टेम्पो करा म्हणाला, तुम्ही "इथं तर जायचंय" म्हणून मागच्या सीटवर आडवा घातला. तरी आम्ही तो गाडीत चढवायलाच नको होता. इथून पुढं कारमध्ये देणार नाही, आणि कॅनवर मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये स्टिकर लावायचं चाललंय, छापायला टाकतोय. घरपोचचंही बघतो.

स्टार बदला म्हणत नाही, तुमची मर्जी. फक्त एक विचारायचं राहिलंय. तुम्ही दोन कॅन नेले होते. मी आलो तेव्हा एकच होता, दुसरा भावाच्या कारखान्यात पाठवला म्हणालात. परवापासून फोन उचलत नाही, म्हणून इथं विचारतो: त्याच्या झाकणावर पण टेप मारलीय का?