हीट पंपाला ‘महागडा हीटर’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्यात वाया जाणारी उष्णता हीट पंपाने परत मिळवायची ही नुसती विक्रीची युक्ती आहे. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळणं निसर्गनियमात बसत नाही. हे यंत्र शंभर अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून उद्योगाच्या कामाचं नाही. आपली वीज कोळशावरची, त्यामुळे प्रदूषण उलट वाढणार. उष्णता वाचवायचीच तर हीट एक्स्चेंजर, म्हणजे गरम पाण्याची उष्णता थंड पाण्याला देणारं साधं उपकरण, पुरतो. आणि शेवटी, बॉयलरपुढे हे परवडत नाही.

यातलं काही साफ चूक आहे, काही अर्धवट खरं आहे. पण असा मजकूर वाचून एखाद्या डेअरीने आलेला प्रस्ताव न वाचताच बाजूला ठेवला, तर पुढची पंधरा-वीस वर्षं तिथे विनाकारण इंधन जळत राहतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

निसर्गनियमाचा मुद्दा लवकर संपतो. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, खालच्या तापमानाची उष्णता उचलून वरच्या तापमानाला नेतो. तीन युनिटांतलं एक विजेचं असतं आणि दोन त्या वाया जाणाऱ्या पाण्यातली किंवा वाफेतली. हिशेब बरोबर जुळतो. घरातल्या फ्रिजची मागची बाजू गरम लागते, ती याच तत्त्वाने. आणि हे नवंही नाही. ऑस्ट्रियातल्या एबेन्से इथल्या मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५०च्या दशकातच मिठाच्या पाण्यातून निघालेली वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा त्या पाण्याला देण्याचा प्रयोग केला होता. आज दूध भुकटीच्या कारखान्यांत दूध आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरवर जो वाफेचा काँप्रेसर बसवतात, तो याच विचाराचा वारस.

आता शंभर अंशांचा मुद्दा. यावर जरा थांबायला हवं, कारण खरी गफलत इथे आहे.

मर्यादा होती हे खरं. पंपाच्या आत फिरून उष्णता वाहणाऱ्या पदार्थाला रेफ्रिजरंट म्हणतात. प्रत्येक रेफ्रिजरंटचं एक क्रांतिक तापमान असतं आणि त्यापलीकडे तो नेहमीसारखा द्रवरूप होऊन उष्णता सोडू शकत नाही. आर-२२ साठी ते ९६ अंशांच्या आसपास आहे, आर-१३४ए साठी १०१. त्यामुळे एसी आणि चिलरच्या जगात वाढलेल्या माणसाला शंभर अंश ही भिंत वाटणं साहजिक आहे. पण ब्युटेनचं हेच तापमान १५२ आहे, आर-१२३३झेडडीचं १६६ आणि पाण्याचं तर ३७४. जपानच्या कोबे स्टीलने २०११ मध्येच ६५ अंशांच्या गरम पाण्यातून १२० अंशांची वाफ करणारं यंत्र बाजारात आणलं, आणि १६५ अंशांपर्यंत जाणारं दुसरंही. ऑस्ट्रियात उटेनडॉर्फच्या वीट कारखान्यात आणि पिशेल्सडॉर्फच्या स्टार्च कारखान्यात १६० अंशांपर्यंत जाणारे हीट पंप सुकवणीच्या कामावर चालवून दाखवलेले आहेत. जर्मनीत लुडविग्जहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीने हाती घेतलेला पंप वर्षाला पाच लाख टन वाफ देण्यासाठी आहे.

पण याहून महत्त्वाचा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याने विचारलेलाच नाही: तुमच्या कामाला शंभराच्या वरचं तापमान लागतं तरी का?

आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या डेअरीत जा. बॉयलर साडेदहा किलोच्या दाबाचा, म्हणजे वाफ १८५ अंशांच्या आसपास. ती प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हमधून तीन-साडेतीन किलोवर उतरवायची, पाइपातून शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, वाटेत दोन ट्रॅप (वाफ अडवून तिचं झालेलं पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) गळत असतात, आणि शेवटी तिने काय करायचं? सीआयपीचं, म्हणजे यंत्रं न उघडता आतून धुण्याचं, पाणी ८० अंशांपर्यंत तापवायचं. पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवायचं, त्यासाठी गरम पाणी पुरवायचं. क्रेट धुवायचे. भुकटीचा ड्रायर, तूप कढवणं अशी मोजकी कामं सोडली तर नव्वदीच्या पुढे जाण्याची गरज कुणालाच नाही.

त्याच आवारात थंडावा करणारा अमोनियाचा प्लांट असतो. आइस बँकेसाठी आणि कोल्ड स्टोअरेजसाठी दुधातली सगळी उष्णता तो काढून घेतो, कंडेन्सरवर ३५-४० अंशांना सोडतो, आणि कूलिंग टॉवर ती रात्रंदिवस हवेत उडवतो. टॉवरपासून हाकेच्या अंतरावर ब्रिकेटच्या, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या इंधनाच्या, गोण्या रिकाम्या होत असतात. एका भिंतीअलीकडे उष्णता टाकून द्यायला पाणी आणि वीज खर्च होते, पलीकडे उष्णता आणायला इंधन.

ही ३५ अंशांची उष्णता ८० वर न्यायला किती वीज लागेल, याचा अंदाज कागदावर निघतो. हवं असलेलं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे ८० अधिक २७३, आणि त्याला दोन तापमानांतल्या फरकाने भागायचं. ३५३ भागिले ४५, म्हणजे सुमारे ७.८. ही सैद्धांतिक कमाल. चांगलं यंत्र त्याच्या निम्म्यापर्यंत पोचतं, म्हणजे सीओपी (एका युनिट विजेमागे मिळणारी उष्णतेची युनिटं) चारच्या आसपास. ६० अंशांच्या सांडपाण्यातून १२० अंशांची वाफ करायची तर तोच हिशेब तीनवर येतो. पण ३५ वरून थेट १५० वर उडी मारायची म्हटलं तर सीओपी दोनसुद्धा मिळत नाही. म्हणून ‘किती अंशांपर्यंत जातो’ यापेक्षा ‘किती अंश चढवायचे आहेत’ हे आधी विचारायला हवं. इचलकरंजी-सोलापूरकडच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये डाईंगच्या पाण्यासाठी हीट पंपाचा विचार करण्यासारखा आहे. त्याच शेडमधल्या, कापड ताणून सुकवणाऱ्या स्टेंटरला १५० ते २०० अंश लागतात, तिथे थर्मिक फ्लुइड हीटरला (तेल तापवून उष्णता पुरवणाऱ्या यंत्राला) हात लावू नये.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट: डेअरीतला जुना अमोनिया काँप्रेसर या कामाला चालत नाही. ८० अंशांवर अमोनियाचा दाब ४१ बारच्या आसपास जातो, नेहमीच्या कंडेन्सरच्या जवळपास तिप्पट. त्यासाठी वेगळा, त्या दाबाचा काँप्रेसर आणि तशीच पाइपिंग घ्यावी लागते. ‘आहे त्यालाच जोडून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

कोळशाचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. आकडे मांडून पाहू. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिट विजेमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. सीओपी चार असेल तर एका युनिट उष्णतेमागे ०.१८ किलो, तीन असेल तर ०.२४, दोन असेल तर ०.३६. समोर कोळशाचा बॉयलर ७५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर सुमारे ०.४५ किलो, फर्नेस ऑइलचा ०.३३, नैसर्गिक वायूचा ०.२३. म्हणजे आजच्या ग्रिडवरही कोळशापुढे हीट पंप सरळ जिंकतो, आणि सीओपी तीन असेल तर फर्नेस ऑइलपुढेही. वायूपुढे तीन किंवा त्याखालचा सीओपी हरतो, हे मान्य करायला हवं. मात्र हे बॉयलरच्या तोंडापाशी मोजलेले आकडे आहेत. गळणारे ट्रॅप, परत न येणारं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी), पाइपांचे उघडे जोड धरले तर बॉयलरची बाजू आणखी पडते. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवन वाढतील तसा पंपाचा आकडा खाली येत जाईल. बॉयलरचा आहे तिथेच राहणार.

एक्स्चेंजरचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मी जोर देऊन सांगेन. आधी कंडेन्सेट परत आणा, इकॉनॉमायझर (बॉयलरच्या धुराने त्याचं पाणी तापवणारं उपकरण) बसवा, गरम सांडपाण्याने येणारं थंड पाणी तापवा. हे सगळं हीट पंपापेक्षा स्वस्त आहे आणि आधीच व्हायला हवं. पण एक्स्चेंजर उष्णता वरून खालीच नेतो. ३५ अंशांच्या कंडेन्सरमधून ८० अंशांचं पाणी कोणताही एक्स्चेंजर देणार नाही. प्रोसेस हाऊसचं रंगाचं पाणी गटारात जाताना वाफाळत असतं, पण त्यात सुताचे तंतू इतके असतात की फिल्टर न लावलेला प्लेट एक्स्चेंजर काही दिवसांत चोंदतो. हीट पंप लावला तरी त्या टोकाला एक्स्चेंजर लागतोच, म्हणून गाळणीची सोय दोन्हीकडे सारखीच करावी लागते.

राहिला पैसा. यंत्र महाग आहे, बॉयलरच्या कितीतरी पट, आणि यात लपवण्यासारखं काही नाही. चालवण्याचा खर्च मात्र इंधनावर ठरतो. सगळे आकार धरून वीज नऊ रुपये युनिट मानली तर सीओपी चारला उष्णतेचं युनिट सव्वादोन रुपयांना पडतं. ५० रुपये किलोच्या फर्नेस ऑइलवर तेच पाच रुपयांच्या पुढे जातं, ५५ रुपये घनमीटरच्या पाइप गॅसवर सहाच्या पुढे. सात रुपये किलोची ब्रिकेट जाळत असाल तर सव्वादोनच्या आसपास, म्हणजे बरोबरी. अशा ठिकाणी केवळ इंधनाच्या बचतीवर यंत्राची किंमत वसूल होत नाही, आणि होते असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

महाराष्ट्रात औद्योगिक विजेला दिवसाच्या सौरतासांत सवलत आणि संध्याकाळी अधिभार आहे. चांगलं इन्सुलेशन केलेली मोठी गरम पाण्याची टाकी बांधली तर पंप दुपारी चालवून रात्रीच्या सीआयपीला तेच पाणी वापरता येतं. किंवा टाकीच्या जोरावर पंप दिवसरात्र सारखा चालवला तर यंत्र लहान लागतं, कारण ते तासाभराच्या कमाल मागणीसाठी नव्हे, दिवसभराच्या सरासरीसाठी निवडता येतं.

पुरवठादार आला की त्याच्या माहितीपत्रकातला सीओपी पाहू नका. तुमच्या कंडेन्सरचं थंडीतलं आणि उन्हाळ्यातलं तापमान मोजून त्याच्या हातात द्या, हवं असलेलं पाण्याचं तापमान द्या, आणि पाण्याच्या पंपांची वीज धरून त्या दोन स्थितींत मिळणारा सीओपी करारात लिहून घ्या. वीजमीटर आणि हीट मीटर दोन्ही पहिल्या दिवसापासून बसवून घ्या.